घरचे बियाणे, नवा बाजार : धाराशिव जिल्ह्यातील ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ची वाटचाल

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा झोपली आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी हे गाव लातूर जिल्ह्यातले, म्हणून भूकंपाला किल्लारीचे नाव मिळाले. पण उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात, आज ज्याचा काही भाग लोहारा तालुका झाला आहे तिथे, सास्तूरसारखी गावेही जमीनदोस्त झाली. हजारो माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या भिंती आणि छताखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर लाकडी माळवद आणि माळवदावर मातीचा थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर आणखी माती पडत गेली होती. उन्हाळ्यात गारवा देणारे हे छत त्या पहाटे घरातल्या माणसांवर कोसळले.

धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांच्या आजच्या छोट्या उद्योगांचा इतिहास सांगताना या घरांपासून सुरुवात करावी लागते. जुने काय राखायचे आणि कुठे हात घालायचा, हा प्रश्न इथे सर्वांत आधी डाळ-मसाल्याच्या बाबतीत उभा राहिला नाही. तो भिंतींच्या बाबतीत उभा राहिला, आणि त्याच्याशी माणसांचा जीव बांधलेला होता.

‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या नावाने काम १९८९ मध्येच सुरू झाले होते. मुंबईतील झोपडपट्टी आणि पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांमध्ये काम करणाऱ्या ‘स्पार्क’ या संस्थेच्या मुशीतून ते पुढे आले. प्रेमा गोपालन या तिथल्या सुरुवातीच्या कार्यकर्त्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने शिकवण्यापेक्षा एका वस्तीतल्या बाईने दुसऱ्या वस्तीतल्या बाईला शिकवावे, अशी त्या कामाची साधी धारणा होती. भूकंपानंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला. पूर्ण पडलेल्या ५२ गावांचे नव्या जागी स्थलांतर ठरले. त्याहून कितीतरी अधिक गावांत घरे उभी होती, पण भेगाळलेली होती. अशा गावांतील दुरुस्ती आणि मजबुतीकरणात लोकांचा सहभाग मिळवण्याचे काम सरकारने या गटाकडे सोपवले. लातूर आणि उस्मानाबाद मिळून तेराशेच्या आसपास गावांत ते चालले.

त्यासाठी गावागावातून बायका निवडल्या गेल्या आणि त्यांना ‘संवाद सहाय्यक’ असे नाव मिळाले. घराला किती अनुदान मंजूर आहे, हप्ता केव्हा मिळतो, सिमेंट-वाळूचे प्रमाण काय, हे त्यांनी शिकून घ्यायचे आणि दारोदार सांगायचे. ज्या गावात बाईने चावडीची पायरी चढणे हीच बातमी ठरे, तिथे ती गवंड्याला हटकू लागली. मोठाच पालट होता तो. या भागातल्या नंतरच्या प्रत्येक बचत गटाचे, प्रत्येक छोट्या उद्योगाचे मूळ त्या हटकण्यात आहे.

मजबुतीकरणाचे तंत्रही इथे सांगण्याजोगे आहे. जुने घर पाडून सिमेंटचा डबा उभा करणे हा एकच मार्ग नव्हता. माळवदावरची जादा माती काढून छत हलके करायचे. दगडी भिंतीच्या दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बसवायचे. लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके आधार ठोकायचे. भिंतीला सर्व बाजूंनी पट्टी घालायची. घर तेच राहते, त्याचा ओटा-चौक राहतो, उन्हाळ्यातला गारवाही बराचसा राहतो. फक्त जीव घेणारी गोष्ट तेवढी काढली जाते. जुन्यातले काय घातक आहे आणि काय मोलाचे, हे वेगळे करता येते, हा धडा इथल्या बायकांनी प्रत्यक्ष भिंतीवर हात ठेवून घेतला.

१९९८ मध्ये संस्थेची स्वतंत्र नोंदणी झाली. पुनर्वसनाचा पैसा आटत चालला होता आणि गावोगाव तयार झालेल्या या बायका मोकळ्या झाल्या होत्या. त्यांचे बचत गट झाले, गटांचे महासंघ झाले, पुढे २००६ मध्ये ‘सखी समुदाय कोष’ या नावाने पतपुरवठ्याची यंत्रणाही उभी राहिली. याच काळात या बायका, म्हणजे संस्थेच्या ‘सख्या’, जिल्ह्याबाहेर पडल्या. जानेवारी २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या सख्या तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर काम तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचले. स्वतःचे घर पडून पुन्हा उभे केलेल्या बाईला तिथे दुभाष्याची गरज पडली, तरी विषय समजावून सांगायला तज्ज्ञाची गरज पडली नाही.

कर्ज मिळू लागले, तसा पुढचा प्रश्न आला. विकायचे काय?

या मुलखाला विकणे नवे नाही. जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरावर जाणाऱ्या सुती कापडाची आणि मलमलीची नोंद आहे. म्हणजे या कोरड्या पठारावर कातलेले-विणलेले दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होते. संत गोरोबाकाकांचे गावही हेच. विठ्ठलाचे नाव घेत माती तुडवणारा तो कुंभार आपल्या हातची मडकीच विकत होता. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात प्राचीन तगरच्या काळातल्या मातीच्या मूर्ती, मणी आणि भांडी पाहिली, की परक्या बाजाराची चव ओळखून हातचे कसब चालवणारे कारागीर इथे नांदत होते, याबद्दल शंका उरत नाही.

तरीही संस्थेच्या सख्यांनी हाती घेतलेला पहिला मोठा धंदा घरच्या वस्तूचा नव्हता. २००६ च्या सुमारास ‘बीपी’ या ऊर्जा कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रज्ञानावर ‘ऊर्जा’ नावाची चूल काढली. शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून दाबून केलेल्या कांड्या तिच्यात जाळायच्या, लहानसा पंखा हवा देतो, धूर जवळजवळ होत नाही. ती विकण्यासाठी गावातल्या बायकाच योग्य ठरल्या आणि त्यांना ‘ज्योती’ म्हटले गेले. चूल खपली, महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडू मिळून लाखांच्या घरात खपली. या बायका मोटारसायकलवर, एस.टी.त, डोक्यावर खोकी घेऊन फिरल्या. दुकानदारी, वसुली, तक्रार निवारण हे सारे त्या शिकल्या.

पण चूल चालायची ती कांड्यांवर, आणि कांड्या यायच्या बाहेरून. पुढे हा व्यवसाय कंपनीने दुसऱ्या हाती दिला, कांड्यांचा भाव चढत गेला, पुरवठा तुटू लागला. धूर नको असलेल्या बायकांनी नाइलाजाने पुन्हा सरपण फोडले. या प्रकरणाला अपयश म्हणून बाजूला टाकणे चुकीचे होईल. संस्थेच्या साऱ्या पुढच्या विचारावर त्याची छाप आहे. विकणारी बाई गावची होती, पण वस्तू, तिचे इंधन आणि तिचा भाव यांतले काहीच गावाच्या ताब्यात नव्हते. नवीनपणा चांगला होता. त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात होती.

मग दुष्काळ आला. २०१२ पासून मराठवाड्यात एकामागून एक वर्षे कोरडी जाऊ लागली, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. सोयाबीन आणि ऊस यांवर बेतलेली शेती कोलमडली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या. अशा घरांतून मागे राहिलेल्या बाईकडे कर्ज होते, चूल होती, आणि जमिनीत काय पेरायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र नव्हता.

संस्थेने इथे जे सुचवले ते ‘एक एकर’ या नावाने ओळखले जाते. घरच्या जमिनीतला अर्धा किंवा एक एकर तुकडा बाईने घरच्यांकडून मागून घ्यायचा. त्यात खाण्याची पिके घ्यायची: ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हुलगा, जवस, कारळे, भाजीपाला. रासायनिक खताऐवजी गांडूळखत, जनावरांना ॲझोला, पाणी बेताने. आधी घरात खायचे, उरेल ते विकायचे.

हे नवे होते का? इथल्या कोणत्याही सत्तरीच्या आजीला विचारले तर ती म्हणेल, आम्ही हेच करायचो. ज्वारीत तुरीचे पाटे, कडेला अंबाडी, मधेच चार ओळी भेंडी-गवारीच्या, बियाणे राखेत घोळून गाडग्यात ठेवलेले. ते सगळे १९९० नंतरच्या सोयाबीनच्या लाटेत गेले. शिवाय तेव्हाही बाई निंदत होती, खुरपत होती, बियाणे राखत होती, पण पेरणीचा निर्णय तिचा नसे. पीकपद्धती आजीची आणि निर्णय नातसुनेचा, ही या प्रयोगातली खरी नवी गोष्ट. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ या कामाला मिळाला. २०१८ मध्ये प्रेमा गोपालन यांना श्वाब फाउंडेशन आणि जुबिलंट भरतिया फाउंडेशनचा ‘सोशल आंत्रप्रन्योर ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला. जगाने ज्याला हवामानबदलाशी जुळवून घेणे म्हटले, ते इथे घरातली कणगी पुन्हा भरण्यापासून सुरू झाले होते.

एकरातून उरलेला माल विकायला निघाला आणि तेव्हा जुने-नवे हा प्रश्न रोजचा झाला.

तुरीची डाळ घ्या. घरची डाळ करण्याची रीत लांबलचक. तूर भिजवायची, तेलाचा हात द्यायचा, कडक उन्हात वाळवायची, मग जात्यावर भरडायची, पाखडायची. एका पायलीला दिवस जातो. बाजारातली डाळ चकाकते, कारण मोठ्या गिरणीत तिला घासून पॉलिश देतात आणि त्या घासण्यात दाण्याचा वरचा पोषक थर भुकटीबरोबर निघून जातो. गटांनी जात्यावर हट्ट धरला नाही, आणि तो धरला असता तर उद्योग झालाच नसता. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दाल मिलसारखे लहान यंत्र एका खोलीत मावते, गावातल्या विजेवर चालते, दिवसाला काही क्विंटल माल काढते. भरडण्याचे कष्ट यंत्राने घेतले. वाळवणे उन्हातच राहिले. पॉलिश टाळले. त्यामुळे डाळ दिसायला मंद, रंगाने किंचित मळकट राहते आणि पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात पहिल्यांदा पाहणारे गिऱ्हाईक ती जुनी आहे का, असे विचारते. त्या प्रश्नाला उत्तर देता येणे हा या धंद्याचा अर्धा भाग आहे. बांद्र्याच्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत उभ्या राहिलेल्या बायका हे उत्तर शिकल्या: ही डाळ शिजते कशी, वरणाला वास कसा येतो, चकाकी का नाही. तिथे विकली जाते ती डाळ आणि तिच्यामागची रीत, दोन्ही.

मसाल्याचे गणित उलटे निघाले. मराठवाड्यातला येसर म्हणजे भाजलेली धान्ये-डाळी आणि मसाले कुटून केलेले पीठ. आमटीत कालवले की पाहुण्यांच्या पंगतीला पुरे. लग्नघरी तो हमखास होतो. इथे चव कुटण्यात आहे. वेगाने फिरणाऱ्या पल्व्हरायझरमध्ये मसाला तापतो आणि धण्या-जिऱ्यातले सुगंधी तेल उडते. डंकावर, म्हणजे कांडप यंत्रावर, मुसळाचे घाव पडतात, मसाला थोडा जाडसर राहतो, पण वास टिकतो. म्हणून डाळीच्या बाबतीत यंत्र बदलून फारसे बिघडले नाही, पण मसाल्यात कोणते यंत्र हा निर्णायक प्रश्न ठरला. यंत्र वापरले म्हणजे परंपरा बुडाली आणि हाताने केले म्हणजे अस्सल, असे सरसकट मानणाऱ्यांनी ही दोन पिठे शेजारी ठेवून वास घ्यावा.

कायद्यानेही काही बदल लादले आणि त्यांतले बहुतेक चांगले होते. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा २०११ पासून प्रत्यक्षात आला. नोंदणी क्रमांक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, हे सारे पाकिटावर छापणे भाग पडले. ज्या घरात ‘पापड वर्षभर टिकतो’ हे सासूच्या शब्दावर चालत असे, तिथे टिकण्याची तारीख स्वतः ठरवून लिहायची वेळ आली. त्यासाठी ओलावा मोजावा लागला, पाकीट बदलावे लागले, वही ठेवावी लागली. वहीचे महत्त्व इथे जरा ठासून सांगितले पाहिजे. अंदाजपंचे मीठ-हिंग घालणारी सुगरण बाई सणाला गावाला गेली, की चव बदलते. प्रमाण लिहून ठेवले तर चव गटाची होते, एकीच्या हातावर अवलंबून राहत नाही. काही जुन्याजाणत्या बायकांना हे पटत नाही, आणि त्यांचे म्हणणेही खोटे नाही. यंदाच्या मिरचीचा तिखटपणा वहीला कळत नाही, जिभेला कळतो. म्हणून वही आणि जीभ दोन्ही लागतात.

जनावरांच्या बाबतीत परंपरेचा अर्थ वंशावळ असा होतो. उस्मानाबादी शेळी ही याच जिल्ह्याच्या नावाची जात. बहुतेक काळी, काटक, पाला-झुडपावर तगणारी, एका वेताला अनेकदा जुळी करडे देणारी. कोरडवाहू घरातल्या बाईची ती बँक आहे. औषधपाण्याला, मुलीच्या फीला एक बोकड विकला जातो. पण विकण्याच्या याच रीतीत धोका आहे. झपाट्याने वाढणारा, अंगाने भरलेला बोकड आधी खाटकाकडे जातो, विशेषतः बकरी ईदच्या आधी, आणि कळपात पैदाशीला मागे राहतो तो किरकोळ. शिवाय वजन लवकर यावे म्हणून सिरोही, बोअर अशा बाहेरच्या जातींशी संकर करण्याचा मोह. संकराचे करडू जड होते, पण इथल्या उन्हात आणि इथल्या चाऱ्यावर ते तितके तगत नाही, खुराक मागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळ्यांसाठी गोठवलेल्या रेताचे काम केले आणि त्यात उस्मानाबादीच्या निवडक नरांचे रेतही आहे. तंत्रज्ञान अगदी नवे आणि राखायचा तो जुना, शुद्ध वंश. या जिल्ह्यात शेळीवर जो पैसा खर्च व्हायचा, तो आधी चांगला बोकड गावात टिकवण्यावर व्हायला हवा.

कोंबड्यांत हीच गोष्ट हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांच्या कामात दिसते. मजुराच्या घरात जन्मलेल्या, संस्थेच्या गटातून पुढे आलेल्या कमलताईंनी कुक्कुटपालन, शेळ्या, गांडूळखत असे जोडउद्योग उभे केले आणि शेकडो बायकांना त्यात आणले. २०१७ मध्ये नीती आयोग आणि संयुक्त राष्ट्रांच्या ‘विमेन ट्रान्सफॉर्मिंग इंडिया’ पुरस्काराने आणि पुढे केंद्र सरकारच्या ‘नारी शक्ती’ पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. ८ मार्च २०२२ रोजी तो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला गेला. गावरान कोंबडीच्या धंद्यातली अडचण अशी, की खुडुक बसलेली कोंबडी एका वेळी दहा-बारा पिल्ले काढते आणि तेवढा काळ अंडी देणे थांबवते. उबवणुकीचे लहान यंत्र आणले की कोंबडीचे ते काम सुटते, पिल्ले एकसारखी आणि एकाच वेळी मिळतात. यंत्रात उबवलेले पिल्लू तरीही गावरानच, जर अंडे गावरान कोंबडीचे असेल आणि पिल्लू उकिरड्यावर, अंगणात चरून वाढले असेल तर. बाजारात मात्र रंगीत पिसांची कोणतीही कोंबडी ‘गावरान’ म्हणून चढ्या भावाने विकली जाते. या लबाडीने सर्वांत आधी बुडते ती खरी गावरान पाळणारी बाई, कारण तिच्या कोंबडीला वाढायला दुप्पट वेळ लागतो.

नावाची ही राखण जिल्ह्यातल्याच दोन उत्पादनांना सरकारदरबारी मिळाली आहे. तीही इथे घ्यायला हवीत, कारण संस्थेच्या सख्यांपुढचा प्रश्नच त्यांच्यापुढेही आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याच्या कुंथलगिरी खव्याला आणि तुळजापूरच्या कवडी माळेला भौगोलिक मानांकन मिळाले.

कुंथलगिरी हे भूम तालुक्यातले जैन सिद्धक्षेत्र, देशभूषण-कुलभूषण मुनींच्या निर्वाणाचे स्थान. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये इथेच सल्लेखना घेतली. बालाघाटाच्या या डोंगराळ पट्ट्यात पाऊस कमी, शेती बेभरवशाची, पण जनावरे घरोघरी. शहरे लांब. दूध नासण्याआधी पोहोचणार नाही म्हणून ते आटवायचे, हा खव्याचा उगम. किलोभर खव्याला गाईचे पाच लिटरच्या आसपास दूध लागते. उघड्या कढईत, सरपणाच्या जाळावर, हात न थांबवता उलथण्याने तळ खरवडत राहावे लागते. हात थांबला की खवा लागतो, जाळ वाढला की रंग जातो. साध्या हवेत तो दोन-चार दिवस टिकतो, थंडीत ठेवला तर काही आठवडे. इथे सरपण हा कळीचा मुद्दा. रोज इतके लाकूड जाळणे डोंगरालाही परवडणारे नाही आणि भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या छातीलाही. वाफेवर, गॅसवर, सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या कढया आल्या आहेत. काही जुने व्यापारी म्हणतात की धुराचा तो किंचित वास गेला की खवा ओळखू येत नाही. धूर हा खव्याचा आत्मा मानायला मन तयार होत नाही. दूध निर्भेळ असणे आणि हात न थांबणे हा त्याचा आत्मा. स्टार्च घातलेला, साय काढलेल्या दुधाचा खवा लाकडावर आटवला तरी तो कुंथलगिरीचा नव्हे. खव्याच्या कोरड्या अंशात किमान ३० टक्के दुधातली स्निग्धता असावी, असे अन्न सुरक्षेचे मानक सांगते, आणि नावाची खरी परीक्षा तिथे आहे.

कवडी माळेची गोष्ट आणखी वेगळी. तुळजापूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. कवडी समुद्रातली, ती इथली कधीच नव्हती. आराधी, गोंधळी, भुत्ये यांच्या गळ्यात आणि परडीत ती दिसते, भवानीच्या उपासनेत तिला मान आहे. म्हणजे कच्चा माल परका असूनही वस्तू तुळजापूरची ठरली, कारण ती ओवण्याची रीत आणि ती घालण्यामागची श्रद्धा इथली. ‘स्थानिक’ म्हणजे सगळे स्थानिक मातीतलेच, असे मानणाऱ्यांना ही माळ सहज उत्तर देते. पण प्लॅस्टिकच्या कवडीला हे उत्तर लागू पडत नाही, आणि यात्रेच्या दुकानांत तीही लटकलेली असते.

१९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. मानांकन दहा वर्षांसाठी असते, मग नूतनीकरण. पण ते मिळवणाऱ्या संघटनेच्या नावावर असून भागत नाही. प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते, तेव्हाच ते चिन्ह त्याला पाकिटावर लावता येते. महाराष्ट्रात मानांकन मिळालेल्या कितीतरी वस्तूंचे घोडे इथेच अडले आहे. चिन्ह मिळाल्याचा सत्कार होतो, वापरकर्त्यांची यादी मात्र तोकडी राहते. बचत गटांच्या बायकांनी अर्ज, वही, नमुना तपासणी ही कामे पंचवीस वर्षे केली आहेत. भूमच्या दूध-खवा करणाऱ्या घरांनी आणि तुळजापूरच्या माळ ओवणाऱ्या कारागिरांनी त्यांच्याकडून मदत घ्यावी, असे मनापासून वाटते. एका वस्तीने दुसऱ्या वस्तीला शिकवायचे, हे तर संस्थेचे मूळच आहे.

प्रेमा गोपालन यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांच्यामागे काम थांबले नाही, कारण गावातले नेतृत्व आधीच गावातल्या बायकांकडे गेले होते. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे त्यांपैकी एक. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या गोदावरीताई गटाच्या बैठकीतून महासंघाच्या नेतृत्वापर्यंत पोहोचल्या, परदेशातल्या व्यासपीठांवर दुष्काळी शेतीचे अनुभव मांडून आल्या. २०२१ मध्ये त्यांच्या कामावर एक चित्रकथाही निघाली. एकरभर जमिनीत कोणते पीक घ्यायचे यावर त्यांच्यासारख्या बायका आज कृषी अधिकाऱ्याशी बरोबरीने बोलतात. टाळेबंदीत २०२० मध्ये बाजार बंद पडले, तेव्हा या एकरांतल्या भाजी-डाळीने कितीतरी घरे चालली.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, देशाच्या कायद्यात तो २००५ मध्ये आला. तरी ‘एक एकर’ हा बहुतेक घरांत अजून बोलाचालीचा एकर आहे. काही नवऱ्यांनी तो बायकोच्या नावे करून दिला; पुष्कळांनी नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला पीककर्ज मिळत नाही, ठिबकचे अनुदान तिच्या नावे निघत नाही, नुकसानभरपाई दुसऱ्याच्या खात्यात जाते. डाळीच्या पाकिटावर उत्पादक म्हणून तिचे नाव छापलेले असते आणि ती तूर ज्या मातीत पिकली तिच्या उताऱ्यावर दुसऱ्याचे. गटांच्या मासिक बैठकांत तलाठ्याकडे जायच्या अर्जांचा विषय आता बियाण्याच्या विषयाइतकाच वेळ घेतो.